न मागता आलेले गाणे

दि. ९ सप्टेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, कुपर्टिनो गावच्या फ्लिंट सेंटर नावाच्या सभागृहात ॲपल कंपनीने एक मोठा समारंभ योजिला होता. हेच ते सभागृह, जेथे १९८४ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी 'मॅकिन्टॉश' संगणक प्रथम लोकांपुढे मांडला. त्या दिवशी कंपनीने नवा आयफोन दाखविला, मनगटी घड्याळ दाखविले, फोनद्वारे पैसे चुकते करण्याची नवी रीत समजावून दिली. आणि सारे आटोपत आले असता आयर्लंडमधील 'यू-टू' हा जगविख्यात बँड रंगमंचावर आला. (बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात उभी राहते. येथे चार जणांचा गायक-वादकांचा चमू अभिप्रेत आहे.) एक गाणे झाले. त्यानंतर मुख्य गायक बोनो आणि कंपनीचे प्रमुख टिम कुक यांच्यात आधी ठरविलेला एक खेळकर संवाद झाला, दोघांनी एकमेकांच्या बोटाला बोट लावले, आणि यू-टूचा नवाकोरा गीतसंग्रह 'साँग्ज ऑफ इनोसन्स' जगातील ११९ देशांतील सुमारे ५० कोटी खात्यांवर रुजू झाल्याची घोषणा झाली. अकरा गाणी. कोणाकडून एक पैसा घेतला नाही. आणि कोणास विचारलेही नाही.

सिस्टाइन प्रार्थनामंदिराच्या छतावर मायकेलअँजेलोने रंगविलेल्या आदामाच्या निर्मितीच्या चित्रात परमेश्वराचे आणि आदामाचे बोट एकमेकांस टेकत नाही, मध्ये एक बारीकशी फट राहते, याची आठवण मला ही चित्रफीत पाहताना झाली. त्या फटीविषयी पुढे बोलावयाचेच आहे.

प्रथम घडले काय ते नीट समजून घेऊ. आयट्यून्स हे ॲपलचे संगीताचे दुकान. आपल्या देशात ते डिसेंबर २०१२ मध्ये उघडले. तेथे ज्याचे खाते असते, त्याच्या नावे त्याने विकत घेतलेल्या गाण्यांची एक यादी ठेवलेली असते. कंपनीने हा गीतसंग्रह थेट त्या यादीत नेऊन ठेवला. विकत घेतलेली वस्तू फोनमध्ये आपोआप उतरून यावी अशी सोय ज्यांनी चालू ठेवली होती, त्यांच्या फोनमध्ये ही गाणी रातोरात शिरली आणि त्यांनी जागा व्यापली. इतरांच्या यादीत ती नुसतीच दिसत राहिली. काढून टाकावयास जावे तर ती यादीतून पुरती जात नसत. फार तर नजरेआड करता येत. म्हणजे ज्या वस्तूसाठी मी दुकानात गेलो नाही, जिचे नाव घेतले नाही, ती 'यांनी घेतली' अशी नोंद माझ्या नावावर पडली. धर्मग्रामाच्या नोंदवह्या सांभाळण्यात ज्याची उमेद गेली आहे अशा माझ्यासारख्यास ही गोष्ट विशेष खुपते. नोंदवहीत जे घडले ते लिहावयाचे असते. घडावे असे वाटते ते नव्हे.

लोक संतापले. हा संताप पाहून प्रथम कंपनीस आणि कलावंतांसही आश्चर्य वाटले असावे, कारण फुकट मिठाई वाटली असता कोणी दगड मारील अशी अपेक्षा नसते. परंतु फोन ही वस्तू एव्हाना पेटी-पाकिटाच्या पलीकडे गेली होती. आईचे शेवटचे छायाचित्र त्यात, मुलाच्या पहिल्या बोबड्या बोलाचे ध्वनिमुद्रण त्यात, कोणास न दाखविलेली पत्रे त्यात. आणि गाणी तर माणूस वर्षानुवर्षे एकेक करून निवडतो. त्या निवडीत त्याचे वय, त्याचे गाव, त्याचे भंगलेले आणि जुळलेले स्नेह सारे असते. अशा संग्रहात एका सकाळी परके गाणे आढळावे, यात चोरी काहीच नसली तरी कोणीतरी आत येऊन गेल्याची भावना मागे राहते. त्यात तरुण पिढीतील कित्येकांना यू-टू हे नावही ठाऊक नव्हते. आपल्या फोनमध्ये आलेले हे गृहस्थ कोण, असे ते एकमेकांस विचारीत होते, आणि कित्येक वर्षे जगभर गाजलेल्या बँडच्या दृष्टीने हा प्रश्न शिव्याशापांहून कडू असावा.

सहाव्या दिवशी, १५ सप्टेंबरला, कंपनीने एक स्वतंत्र सोय उपलब्ध करून दिली : एक बटण दाबताच हा संग्रह खात्यातून कायमचा निघून जाईल. एखाद्याची भेट परत करता यावी म्हणून देणाऱ्यालाच खास दार बसवावे लागावे, असा प्रसंग संगीताच्या इतिहासात त्यापूर्वी आलेला मला आढळला नाही.

एका बाजूचेच बोलणे मात्र अन्यायाचे होईल. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ही भेट खुली होती, आणि तोवर ८ कोटी १० लाख लोकांनी त्यातील काही ना काही ऐकले, २ कोटी ६० लाख लोकांनी संपूर्ण संग्रह उतरवून घेतला, असे कंपनीने जाहीर केले. आकडे कंपनीचे आहेत, तरीही ते लहान नाहीत. पुष्कळांना भेट आवडली. मात्र ज्या ५० कोटींच्या ओंजळीत ती टाकली होती, त्यांतील फार मोठ्या समुदायाने ती हुंगूनही पाहिली नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. कलावंतांच्या बिरादरीतून निराळा आक्षेप आला. 'ब्लॅक कीज' बँडचे ढोलवादक पॅट्रिक कार्नी आणि 'पिंक फ्लॉइड'चे निक मेसन यांचे म्हणणे असे की, अशाने संगीताचे मोल उतरते. ज्यांना गाणे विकूनच पोट भरावयाचे आहे, त्यांनी आता काय करावे? आक्षेप अगदी पोकळ नव्हता. संग्रह पुढे दुकानात रीतसर विक्रीस आला, तेव्हा अमेरिकेत पहिल्या आठवड्यात त्याच्या केवळ २८ हजारांच्या आसपास प्रती खपल्या. वस्तुतः गाणी फुकट नव्हतीच. त्यांचे पैसे ॲपलने बँडला दिले होते. बोनो यांनी त्याच सुमारास हे स्पष्ट सांगितले आणि पुढे असेही म्हटले की, फुकटच्या संगीतावर आपला विश्वास नाही, संगीत हे साक्रामेंत आहे. हा शब्द कॅथलिक वाचकाने टिपून ठेवावा. मी त्याकडे परत येणार आहे.

आता त्या गाण्यांविषयी, कारण या गदारोळात नेमके तेच कोणी पाहिले नाही.

संग्रहाचे नाव इंग्रज कवी विल्यम ब्लेक याच्या १७८९ सालच्या काव्यसंग्रहावरून घेतलेले आहे. निरागसता हा त्याचा विषय, आणि ती कशी हरपते हाही. बोनो यांचे मूळ नाव पॉल ह्यूसन. वडील कॅथलिक, आई आयर्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चची. डब्लिनच्या ज्या काळात ही दोन घरे एकाच गल्लीत राहूनही दूर असत, त्या काळात हे लग्न झाले होते. १९७४ च्या सप्टेंबरात आपल्या वडिलांच्या दफनविधीच्या वेळी आई आयरिस कोसळली आणि काही दिवसांत गेली. मुलगा चौदा वर्षांचा होता. संग्रहातील एक गाणे त्या आईवर आहे. एक गाणे ज्या रस्त्यावर तो वाढला त्या सीडरवुड रोडवर आहे. एक गाणे १७ मे १९७४ रोजी डब्लिनमध्ये मोटारींत ठेवलेल्या बॉम्बस्फोटांवर आहे. त्या दिवशी डब्लिन आणि मोनाहन मिळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली. आणखी एक गाणे बालकांवर अत्याचार करणाऱ्या एका धर्मगुरूविषयी आहे. ते ऐकावयास मला सोपे गेले नाही, आणि ते तसे जाऊही नये. आयर्लंडच्या ख्रिस्तसभेने या बाबतीत जे दडविले त्याचा हिशेब तेथील चौकशी आयोगांच्या अहवालांतून जगापुढे आला आहे. आपल्या वाचकांपैकी ज्येष्ठांना स्मरत असेल, की हेच बोनो सप्टेंबर १९९९ मध्ये गरीब राष्ट्रांच्या कर्जमाफीच्या मागणीसाठी कास्तेल गांदोल्फो येथे पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटले होते, आणि पोप महोदयांनी त्यांचा निळा चष्मा क्षणभर स्वतःच्या डोळ्यांवर चढविला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये ते पोप फ्रान्सिस यांनाही भेटले, तेव्हा आयर्लंडमधील त्या जखमेविषयी दोघांचे बोलणे झाले. म्हणजे हा गृहस्थ ख्रिस्तसभेचा वैरी म्हणून तिच्या दाराशी आलेला नाही.

तेव्हा पाहा : मृत आई, जळता रस्ता, भंगलेले बालपण, ही एका माणसाच्या काळजातील अगदी आतली सामग्री. असे गाणे एका माणसाने दुसऱ्या माणसास रात्री उशिरा, आवाज खाली आणून, ऐकवावे. ते ५० कोटींच्या यादीत एका बोटाच्या इशाऱ्याने घातले गेले. परिणाम असा झाला की, आयरिसवरचे गाणे पुष्कळांनी ऐकण्यापूर्वीच पुसून टाकले. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याचीच.

बोनो यांनी ऑक्टोबर २०१४ मध्येच, लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देताना, क्षमा मागितली. असे पुन्हा कधी करू नका, हा उद्धटपणा आहे, असे एकीने सुनावले होते. त्यांनी आपली कबुली मोठ्या प्रांजळपणे मांडली : थोडी महत्तेची हाव, थोडे औदार्य, थोडी स्वतःची जाहिरात, आणि मनात खोलवर एक भीती, की ज्या गाण्यांत आपण वर्षे ओतली ती कोणाच्या कानी पडणारच नाहीत. पापनिवेदनाच्या खुर्चीवर बसण्याची सवय असलेल्या माणसास या कबुलीतील शेवटचा घटक सर्वांत खरा वाटेल. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'सरेंडर' या आत्मकथनात त्यांनी दोष टिम कुक यांच्यावर अथवा बँडच्या सहकाऱ्यांवर न ढकलता सर्वस्वी स्वतःकडे घेतला, आणि एक दाखला दिला. लोकांच्या उंबऱ्याशी दुधाची बाटली ठेवावी एवढीच आपली कल्पना होती. प्रत्यक्षात आपण ती त्यांच्या घरात शिरून शीतकपाटात नेऊन ठेवली. पहाटे दाराशी दुधाच्या पिशव्या पडत असलेल्या मुंबईकर वाचकांस हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाही.

उंबरा आणि घर यांतील हा फरक मात्र बोनो यांच्या फार आधी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, तेही गाण्याच्याच निमित्ताने, एकदा वादाचा विषय झाला होता.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर अमेरिकेतील काही शहरांत उताऱ्यांच्या गाड्यांत रेडिओ बसविण्याचा धंदा निघाला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये कॅपिटल ट्रान्झिट कंपनीने १९४८ मध्ये प्रयोग करून पुढील वर्षी बसगाड्या आणि ट्रामगाड्यांत ध्वनिक्षेपक लावले. कार्यक्रमाचा सुमारे नव्वद टक्के भाग संगीताचा, उरलेला घोषणा आणि जाहिराती यांचा. उताऱ्यास कान बंद करण्याची सोय नव्हती आणि कामावर जाण्यास बहुतेकांना दुसरे वाहन नव्हते. पोलॅक आणि मार्टिन नावाच्या दोन वकिलांनी, जे रोज याच गाड्यांतून जात, तक्रार केली. कंपनीने उताऱ्यांची पाहणी करविली. ९३.४ टक्के लोकांची हरकत नाही, असा निष्कर्ष निघाला. लोकांना आवडते, मग तुम्ही मूठभर कोण? हा युक्तिवाद आजही प्रत्येक गल्लीत ऐकू येतो.

खालच्या अपील न्यायालयाने १९५१ मध्ये उताऱ्यांचे म्हणणे मान्य केले. मात्र २६ मे १९५२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती बर्टन यांनी लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की माणसाचा खासगीपणाचा हक्क स्वतःच्या घरात कितीही संपूर्ण असला, तरी सार्वजनिक रस्त्यावर, सार्वजनिक वाहनात तो मर्यादित होतो. तेथे इतरांच्याही सोयीचा विचार करावा लागतो. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी संगीतास संमती दिली, परंतु बातम्या, भाषणे आणि प्रचार उताऱ्यांच्या कानांवर लादण्यास नाही. न्यायमूर्ती डग्लस एकटे पूर्ण विरोधात गेले. आपल्याला आपल्यापुरते सोडले जाण्याचा हक्क हाच साऱ्या स्वातंत्र्याचा आरंभ आहे, अशी त्यांची भूमिका होती. आणि न्यायमूर्ती फ्रँकफर्टर? ते या खटल्यातून बाजूला झाले. कारण त्यांनी लेखी नोंदविले : या प्रथेचा बळी म्हणून माझ्या भावना त्यात इतक्या गुंतल्या आहेत, की मी निःपक्षपाती राहीन असे लोकांना वाटणार नाही. न्यायदानाच्या इतिहासात एवढा सभ्य वैताग क्वचितच वाचावयास मिळतो.

त्याच काळात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात १९४९ साली संगीत आणि जाहिराती ध्वनिक्षेपकांवरून चालू झाल्या होत्या. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचे संपादक हॅरल्ड रॉस यांनी त्याविरुद्ध रान उठविले, सार्वजनिक सुनावणीत स्वतः साक्ष दिली, आणि १९५० च्या जानेवारीच्या आरंभीच रेल्वेने ते बंद केले. निकाल न्यायालयात हरलेल्या बाजूच्या विरुद्ध गेला असला तरी उताऱ्यांच्या गाड्यांतील रेडिओचा धंदाही पुढे टिकला नाही. १९६९ मध्ये युनेस्कोशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेने पॅरिस येथे एक ठराव करून, खासगी आणि सार्वजनिक जागी ध्वनिमुद्रित संगीताचा जो अतिरेकी वापर होतो त्याचा निषेध केला आणि शांततेचा हक्क प्रत्येक माणसाचा आहे असे बजावले. हा ठराव संगीताच्या शत्रूंनी केलेला नव्हता. संगीतकारांच्याच संस्थेने केलेला होता.

बर्टन यांची रेषा मान्य केली, तर आयफोनमधील गाण्यासंबंधी प्रश्न उभा राहतो तो हा : फोन म्हणजे घर की रस्ता? कंपनीच्या दृष्टीने ते तिचे दुकान होते, दुकानातील फळीवर तिने स्वतःचा माल मांडला होता. ग्राहकाच्या दृष्टीने तो त्याचा खिसा, त्याची उशी. १९५२ मध्ये हा प्रश्न संभवत नव्हता. रेडिओ घरी असे तेव्हा त्याची कळ घरच्या माणसाच्या हातात असे आणि बसमध्ये असे तेव्हा चालकाच्या. आज यंत्र माझ्या हातात आणि कळ तिसऱ्याच्या हातात, अशी अवस्था आली आहे. आपल्याकडे फोनवर न मागितलेली 'कॉलर ट्यून' आपसूक चालू झाल्याच्या आणि मागाहून पैसे कापले गेल्याच्या तक्रारी किती तरी वर्षे होत होत्या. जुलै २०१३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, अशी कोणतीही सेवा चालू करण्यापूर्वी ग्राहकाची संमती दोनदा घ्यावी, असा आदेश काढावा लागला. तेथे निदान पैशाचे नुकसान दाखविता येत होते. यू-टूच्या बाबतीत नुकसान काय, असे विचारले असता हातात दाखविण्यासारखे काही राहत नाही, आणि तरीही ५० कोटींतील कित्येकांना ते झाल्यासारखे वाटले.

आपण ख्रिस्ती माणसे या प्रश्नाकडे केवळ ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहू शकत नाही. आपणही गाणारे आहोत, आणि मोठ्याने गाणारे. सणाची नोव्हेना, मिरवणुकीतील बँड, मैदानावरील प्रवचन, नाताळच्या मध्यरात्रीचा घोष, या साऱ्यांच्या भिंतीपलीकडे कोणी तरी परीक्षेचा अभ्यास करीत असते, कोणी आजारी असते, कोणाचा धर्म वेगळा असतो. १९९६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवतीप्रसाद बॅनर्जी यांनी, भाषणस्वातंत्र्याच्या हक्कात दुसऱ्यास बंदिवान श्रोता बनविण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. वॉशिंग्टनच्या उताऱ्यांना जे मिळाले नाही ते येथे नागरिकास मिळाले. आणि ३० ऑगस्ट २००० रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात निकाल दिला, त्यातील पक्षकार ख्रिस्ती मंडळीच होती : चेन्नईतील 'चर्च ऑफ गॉड (फुल गॉस्पेल)'. प्रार्थनेत ढोल, गिटार आणि ध्वनिक्षेपक वापरले जात. शेजारच्या वसाहतीच्या संघटनेने तक्रार केली. आम्ही अल्पसंख्य आहोत म्हणून आमच्यावर डोळा आहे, खरा गोंगाट तर रस्त्यावरील वाहनांचा आहे, असे चर्चचे म्हणणे होते. वाहनांच्या गोंगाटास तर अधिकाऱ्यांच्या पाहणीचाही आधार होता. तरी न्यायालयाने सांगितले की, इतरांची शांती भंग करून अथवा ध्वनिक्षेपक लावून, ढोल बडवून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. त्या वर्षीच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी आली, आणि १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, न ऐकण्याचाही माणसास हक्क आहे, हे अधिक विस्ताराने मांडले.

चेन्नईचा निकाल आला तेव्हा आपल्या समाजात दोन सूर उमटले होते. एक म्हणे, पंथ वेगळा, आपला काय संबंध? दुसरा म्हणे, कायदा सर्वांना सारखा लागू होत असेल तरच आम्हीही पाळू. पहिला सूर मला कधीच पटला नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, आणि ज्या गावात एका धर्माचे भोंगे उतरतात व दुसऱ्याचे चढतात तेथे अल्पसंख्याकाने गप्प बसावे असेही मी म्हणणार नाही. परंतु शेजाऱ्याच्या भोंग्यामुळे आपल्या भोंग्याखाली झोपलेल्या आजाऱ्याची झोप परत येत नाही.

आता त्या टिपून ठेवलेल्या शब्दाकडे वळू. संगीत साक्रामेंत आहे, असे बोनो म्हणाले. साक्रामेंताची एक अट ख्रिस्तसभेच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहे : प्रौढ माणसास बाप्तिस्मा द्यावयाचा असेल तर त्याने तो स्वतः मागितलेला असला पाहिजे. येथे चतुर वाचक मला अडवील. बालकांचे काय? तान्हे मूल कोठे मागते? आई अंगाई म्हणते ती तरी मुलाला विचारून म्हणते काय? आक्षेप योग्य आहे, आणि तो मानल्यावाचून पुढे जाता येणार नाही. देवाची कृपा न मागता येते. सूर्य सज्जनांवर उगवतो तसा दुर्जनांवरही, असे प्रभूने स्वतः सांगितले आहे. सेमिनरीत हे आम्हांस शिकविले गेले, आणि जन्मभर ज्याचे प्रवचन केले ते मी येथे मागे कसे घेईन? तथापि बालकाच्या बाप्तिस्म्यासाठीही आईवडिलांपैकी एकाची तरी संमती लागते. कोणाचे तरी मूल कोणी तरी उचलून पाण्याखाली धरावे, याला कायदा सहसा मुभा देत नाही. आणि अंगाई म्हणणारी आई मुलास ओळखते. त्याची भूक, त्याचे दुखणे, त्याची झोपेची वेळ तिला ठाऊक असते, आणि मूल रडू लागले तर ती थांबते. यू-टूच्या गाण्याला थांबता येत नव्हते. ते कोणाकडे जात आहे हे त्याला ठाऊकही नव्हते.

संत बर्नार्ड यांनी देवदूताच्या निरोपावर जी प्रवचने लिहिली, त्यांत एक अद्भुत जागा आहे. गॅब्रिएलने निरोप सांगितला आहे आणि पवित्र मरियेने अद्याप उत्तर दिलेले नाही. बर्नार्ड त्या क्षणी थांबतात आणि तिची विनवणी करू लागतात : आदाम वाट पाहत आहे, कुलपिते वाट पाहत आहेत, सारे जग तुझ्या पायाशी आहे, आणि स्वतः परमेश्वरही तुझ्या होकाराची वाट पाहत आहे. जगाला कधी मिळाली नाही अशी ती भेट, आणि नाझरेथच्या एका मुलीला ती नाकारण्याची मुभा होती. मायकेलअँजेलोच्या छतावरील ती फट मला याच कुळातली वाटते. होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराने प्रकटीकरणाच्या पुस्तकावरून, हातात कंदील घेऊन दार ठोठावणारा ख्रिस्त एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रंगविला. त्याची छापील प्रत आपल्या कित्येक घरांत आजही आढळते. त्या दाराला बाहेरून कडी नाही. चित्रकाराच्या हातून ती विसरलेली नाही. ते दार आतूनच उघडावयाचे, हे त्याने जाणून रंगविले.

ख्रिस्तसभेलाही हे दीर्घकाळ ठाऊक असून पाळता आले नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरील आपली घोषणा प्रसिद्ध केली, आणि सत्य मनावर सत्ता चालविते ते केवळ स्वतःच्या बळाने, जबरदस्तीने नव्हे, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मान्य केले. ते मान्य होईपर्यंत परिषदेत किती कडाक्याचा वाद झाला, हे त्या काळचे वृत्तांत ज्यांनी वाचले आहेत त्यांना माहीत आहे. आमच्याजवळ सत्य आहे, मग ते प्रत्येकाच्या घरात नेऊन ठेवावयास काय हरकत, असे म्हणणारे धर्माचार्य दुष्ट नव्हते. ते उदार होते, आपल्या देण्यावर त्यांचा विश्वास होता, आणि कोणी ऐकणारच नाही याची त्यांनाही भीती होती.

यू-टूचा पुढचा गीतसंग्रह, 'साँग्ज ऑफ एक्सपीरियन्स', १ डिसेंबर २०१७ रोजी निघाला. या वेळी तो कोणाच्या फोनमध्ये आपोआप आला नाही. अमेरिकेत ज्यांनी त्यांच्या मैफलीची तिकिटे घेतली त्यांना तिकिटाबरोबर तो मिळण्याची सोय ठेवली होती, आणि तिकीट घेणाऱ्याने तो स्वतः मागवून घ्यावयाचा होता. पहिल्या आठवड्यात तेथील विक्रीच्या यादीत तो पहिला आला. दि. १५ डिसेंबर २०१९ रोजी हे चौघे प्रथमच भारतात आले. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर त्यांची मैफल झाली, आणि ज्यांना ऐकावयाचे होते ते तिकिटे काढून, दुपारपासून रांगा लावून, आत गेले.